डबा उघडून दे ना!

‘ताई, डबा उघडून दे ना!’

पुण्यातल्या एका बालवाडीत, मधल्या सुट्टीत, साडेचार वर्षांच्या एका पिल्लाने माझ्यासमोर डबा धरला आणि आमचं चार महिन्यांचं प्रोजेक्ट तिथेच आडवं झालं.

प्रॉडक्ट डिझाईनचं शेवटचं वर्ष. ग्रुप चौघांचा, विषय ‘मुलांसाठी वस्तू’. आमची आयडिया एकदम सॉलिड होती: झाकणावर लाइट्स, म्युझिक आणि डबा संपवला की स्टार! थ्रीडी मॉडेल तयार, नावही ठरलेलं. फक्त मुलांना भेटायचं तेवढं राहिलं होतं.

त्या दिवशी नुसतं बघत बसलो. घंटा झाली की अर्धी पोरं डबे घेऊन बाईंपुढे रांगेत. कुणी झाकण दातांनी ओढतंय, कुणी न खाताच डबा दप्तरात कोंबतंय. कारण शाळेत शिकलेलंच. गरम भाजी भरून झाकण घट्ट लावलं की वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. तिथे इवल्याशा बोटांचं काय चालणार?

ज्यूरीला उरले होते तीन आठवडे. ‘लाइट्स वगैरे सोडा, झाकणावर काम करू,’ मी म्हटलं. मूळ आयडिया ज्याची होती, तो मित्र दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी तोच सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन आला. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या जोडून खेळणी केली, तीच रबरी नळी. झाकणाला बारीक भोक, त्यात दुमडलेल्या नळीचं बूच. बूच ओढलं की हवा आत आणि झाकण सैल. ते कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून झाकणालाच पक्कं बांधलेलं. शिवाय तीन बोटं मावतील अशी रुंद पकड.

पुन्हा बालवाडी. त्याच पिल्लाने बूच ओढलं. फुस्स! डबा उघडला आणि आमच्याकडे ढुंकूनही न बघता ते जेवायला लागलं. मित्राने हळूच टाळी दिली.

ज्यूरीने विचारलं, ‘यात नवीन काय?’ मार्क बेताचेच पडले.

आज ऑफिसात कुणी म्हणतं, ‘एवढं काम झालंय, आता कुठे बदलायचं?’ तेव्हा मी एवढंच विचारते, ‘बॉस, डबा उघडतोय का?’