'ऑब्ट्रूड' : स्वतःला दुसऱ्यावर रेटण्याचे क्रियापद

माझ्याकडे प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीची एकदा मेल आली. पहिलेच वाक्य होते, 'सॉरी टु ऑब्ट्रूड यू, सर.' मुलगी नंदुरबारची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, बेंगळुरूत येऊन तिला चौथे वर्ष लागले होते. हा शब्द कुठून आणलास, असे मी विचारले. ती म्हणाली, 'सर, डिस्टर्ब फार साधा वाटला, म्हणून समानार्थी शब्द शोधला.'

त्या छोट्या वाक्यात दोन चुका आहेत. एक व्याकरणाची, दुसरी अर्थाची. दोन्ही समजण्यासाठी आधी शब्दाची घडण पाहू.

ऑब्ट्रूडचे स्पेलिंग ओ, बी, टी, आर, यू, डी, ई. उच्चारताना जोर 'ट्रूड'वर येतो. मूळ लॅटिन धातू 'त्रूदेरे', म्हणजे ढकलणे, रेटणे. याच धातूची भावंडे तुम्हाला आधीपासून माहीत आहेत. एक्स्ट्रूड म्हणजे रेटून बाहेर काढणे. दिवाळीत घरोघरी निघणारा चकलीचा सोऱ्या हे एक्स्ट्रूजनचे उत्तम यंत्र आहे : पीठ भरा, वरून दाब द्या, खालच्या चकतीच्या आकारात ते बाहेर येते. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९७ साली शिशाचे नळ करण्यासाठी याच तत्त्वाचे पेटंट घेतले, आणि आज खिडक्यांचे ॲल्युमिनियमचे सेक्शन तसेच बनतात. इंट्रूड म्हणजे आत घुसणे. प्रोट्रूड म्हणजे पुढे किंवा बाहेर डोकावणे. धुळे-नंदुरबार भागात डोंगरापासून सुटी, भिंतीसारखी सरळ गेलेली काळ्या दगडाची रांग पाहिली असेल. ती भूगर्भशास्त्रातली डाइक. तप्त शिलारस जुन्या खडकाच्या भेगेत घुसला, हे इंट्रूजन. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि ही भिंत वर उरली, म्हणून आता ती प्रोट्रूड होते. एकाच दगडात दोन भावंडे भेटतात.

ऑब्ट्रूडमधला 'ऑब' म्हणजे समोर, अंगावर. तेव्हा शब्दशः अर्थ झाला 'समोरच्याच्या अंगावर रेटणे'. (विशालकोनासाठी वापरतो तो ऑब्ट्यूस दिसायला सारखा, पण त्याचा धातू वेगळा. त्याचा मूळ अर्थ बोथट केलेला. परीक्षेत या दोघांची गल्लत हमखास होते.)

आता व्याकरण. डिस्टर्ब थेट माणसाला करता येतो. ऑब्ट्रूड तसा येत नाही. त्याला रेटायची एक वस्तू लागते आणि ती ज्याच्यावर रेटायची तो माणूस 'ऑन' किंवा 'अपॉन' लावून येतो. 'ही ऑब्ट्रूड्स हिज ओपिनियन्स ऑन एव्हरीवन' म्हणजे तो आपली मते सगळ्यांवर लादतो. स्वतःच घुसायचे असेल तर 'मायसेल्फ' हवे : 'आय डिड नॉट वॉन्ट टु ऑब्ट्रूड मायसेल्फ ऑन देम.' मराठी विद्यार्थ्याला खरे तर हे सोपे जावे, कारण आपल्या 'लादणे'ची रचना हीच आहे. कोणी, काय, कोणावर. 'मी तुम्हाला लादले' असे आपण म्हणत नाही. 'ऑब्ट्रूड यू' इंग्रजी कानाला तसेच खटकते.

अर्थाची चूक जास्त महत्त्वाची. ऑब्ट्रूडमध्ये तीन गोष्टी गृहीत आहेत : कोणी बोलावलेले नाही, समोरच्याला ते नको आहे, आणि तरीही रेटणे चालू आहे. त्यात बोलणाऱ्याचा निवाडा आधीच झालेला असतो. इम्पोजमध्ये बहुधा अधिकार असतो. सरकार कर लादते, ते इम्पोज. फॉइस्टमध्ये लबाडी असते, आपण 'माथी मारणे' म्हणतो ते. एन्क्रोच म्हणजे हळूहळू केलेले अतिक्रमण, फूटपाथवर दरवर्षी वीतभर पुढे सरकणारे दुकान. ऑब्ट्रूडला ना अधिकार लागतो ना लबाडी, नुसता आगाऊपणा पुरतो. दोघे बोलत असताना मध्ये तोंड घालणारा, लग्नात प्रत्येक फोटोत पुढे पुढे करणारा, तो ऑब्ट्रूड करतो.

मग मार्गदर्शकाला शंका विचारणारी विद्यार्थिनी काय रेटत होती? काहीच नाही. शंकांची उत्तरे देणे हे माझे कामच आहे. पण शब्द तिने नकळत अगदी मनातला निवडला होता. तिचा प्रकल्प ईसीजीच्या संकेताचा. आलेखावर सतत एक बारीक थरथर येत होती, फिल्टर लावूनही जात नव्हती. तीन आठवडे ती एकटी झटत होती, पुन्हा पुन्हा इलेक्ट्रोड चिकटवत होती, वायरी बदलत होती. मी तिचा प्रोग्राम उघडला. फिल्टर ६० हर्ट्झवर लावला होता, कारण नमुना अमेरिकन पुस्तकातला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. एक आकडा बदलला आणि रेघ स्वच्छ झाली. पहिल्याच दिवशी विचारले असते तर पाच मिनिटांचे काम होते. सरांना कशाला त्रास, म्हणून विचारले नाही, असे ती म्हणाली.

ती थरथर हे मात्र या क्रियापदाचे नेमके उदाहरण. ऑब्ट्रूड अकर्मकही चालते, म्हणजे नको असताना जाणवत राहणे. 'द मेन्स हम ऑब्ट्रूड्स ऑन द सिग्नल.' इथे 'मायसेल्फ' लागत नाही.

प्रत्यक्षात तुम्हाला हे क्रियापद क्वचितच भेटेल, प्रवेशपरीक्षांच्या उताऱ्यांत किंवा जुन्या गद्यात. पण त्याचे नकारार्थी विशेषण अनऑब्ट्रूसिव्ह तांत्रिक लेखनात बरेच वापरले जाते, म्हणून ते नीट शिकून ठेवा. १९६६ साली 'अनऑब्ट्रूसिव्ह मेझर्स' नावाचे पुस्तकच निघाले. त्यातले गाजलेले उदाहरण शिकागोच्या विज्ञान संग्रहालयाचे. अंड्यातून पिल्ले बाहेर येताना दाखवणाऱ्या दालनापुढच्या फरशा सुमारे सहा आठवड्यांत बदलाव्या लागत, इतरत्र त्या वर्षानुवर्षे टिकत. कुणालाही प्रश्न न विचारता लोकांची आवड मोजली गेली. सेन्सर, अलार्म, ॲपमधल्या सूचना यांच्या रचनेबद्दल अनऑब्ट्रूसिव्ह म्हटले की अर्थ असा : काम करते, पण मध्ये मध्ये करत नाही. मैफलीतला तानपुरा तसा असतो.

तेव्हा अहवालात 'ॲन अनऑब्ट्रूसिव्ह सेन्सर' जरूर लिहा. शिक्षकांना मेल लिहिताना मात्र 'सर, आय हॅव अ डाउट अबाउट सेक्शन थ्री' इतके पुरे. 'डाउट' हा त्या अर्थाने खास भारतीय वापर, परदेशी प्राध्यापकांना 'क्वेश्चन' लिहा. त्या मुलीची पुढची मेल तर मराठीतच आली, दोनच ओळींची, आणि माफी मागणे त्यात कुठेही नव्हते.