अवसाद व बुद्धिक्षमता, वार्धक्यातील

वृद्धनिवासात राहणाऱ्या व्यक्तींची स्मृती, अवधान व विचारगती यांवर त्यांच्या मनःस्थितीचा परिणाम होतो. दीर्घकालीन अवसादात अवधान क्षीण होऊन नवी माहिती मनात ठसत नाही व बुद्धिभ्रंशाचा भास होतो. मनोविकारतज्ञ लेस्ली काइलो यांनी १९६१ मध्ये या ‘आभासी बुद्धिभ्रंशा’चे विवेचन केले. असा रुग्ण आपल्या विसराळूपणाची वारंवार तक्रार करतो; खरा बुद्धिभ्रंश झालेल्यास त्याची जाणीव बहुधा कमी असते. अवसाद ओळखण्यास येसावेज प्रभृतींची ३० प्रश्नांची जरा-अवसाद श्रेणी (१९८३) उपयोगी पडते. उपचारांनी अवसाद ओसरल्यावर बुद्धिक्षमता पुष्कळदा सुधारते. तथापि काहींना पुढे खरा बुद्धिभ्रंश होतो, म्हणून देखरेख चालू ठेवावी लागते. वृद्धाचे मौन वा औदासीन्य हा केवळ वयाचा परिणाम मानल्यास बरा होऊ शकणारा विकार उपचारांविना राहतो.