‘आपोआप तपासून होतं’ म्हणजे नेमकं काय?

एनपीटीईएल या राष्ट्रीय उपक्रमाचे ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्यात चेन्नईच्या आयआयटी मद्रासचा मोठा वाटा आहे. दर आठवड्याला स्वाध्याय ऑनलाइन भरायचा आणि तो संगणकाने तपासायचा, ही रीत तिथे चांगली रुळली आहे. आता आपल्या शाळांतले शिक्षकही गूगल फॉर्म्सवर चाचण्या घेऊ लागलेत. वह्यांचा गठ्ठा घरी न्यावा लागत नाही, ही सोय खरीच मोठी. पण तिच्यासोबत काही चुकीच्या समजुतीही पसरल्या आहेत.

पहिली समजूत अशी की, यंत्राची तपासणी चुकत नाही. यंत्र उत्तर समजून घेत नाही, उत्तरतालिकेशी जुळवून पाहतं. तालिकेत ‘हिंदी’ असेल आणि मुलीने ‘हिन्दी’ लिहिलं, तर तिचा गुण जाऊ शकतो. तालिकेत 10 आणि उत्तरात १० असेल, तरी तेच. दोष मुलीचा नाही, तालिकेचा आहे. म्हणून एका उत्तराची जितकी योग्य रूपं सुचतील तितकी आधीच भरून ठेवावीत. गूगल फॉर्म्समध्ये तशी सोय आहे. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत आकड्यात उत्तर लिहायच्या प्रश्नांना अनेकदा एकच आकडा न देता ‘इथपासून इथपर्यंत’ अशी कक्षा बरोबर धरतात, तेही याचसाठी. परिच्छेदात लिहिलेलं उत्तर मात्र गूगल फॉर्म्समध्ये आजही शिक्षकालाच वाचून गुण द्यावे लागतात.

‘यंत्र फक्त अ-ब-क-ड तपासतं’ हेही पूर्ण खरं नाही. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे प्रा. माधवन मुकुंद यांचा एनपीटीईएलवर पायथॉनचा अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम वेगवेगळी माहिती घालून चालवून पाहिला जातो. पण त्यासाठी ती माहिती आधी कोणीतरी विचार करून रचावी लागते.

प्रत्येक मुलाकडे मोबाइल हवा, असंही अनेकांना वाटतं. पण प्लिकर्स या ॲपमध्ये मुलांच्या हातात फक्त छापील कार्डं असतात. कार्ड ज्या बाजूने वर धरलं, ते उत्तर. शिक्षक एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळा वर्ग टिपतात.

सर्वांत घातक समज म्हणजे, ‘गुण आले, म्हणजे कळलं’. चार पर्यायांचे दहा प्रश्न घ्या. काहीही न वाचलेल्या मुलाने नुसते अंदाज ठोकले, तरी शंभरातल्या साधारण 22 वेळा त्याचे चार किंवा जास्त प्रश्न बरोबर येतील. म्हणजे उत्तीर्ण होण्याची 35 टक्क्यांची रेषा तो पार करेल! घरी बसून दिलेल्या चाचणीत तर शेजारी कोण होतं, हेही कळत नाही. एनपीटीईएलच्या प्रमाणपत्रात घरी सोडवलेल्या स्वाध्यायांचा वाटा 25 टक्के आहे आणि केंद्रावर, देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेचा 75 टक्के. शाळेनेही हाच हिशेब ठेवावा: छोटी ऑनलाइन चाचणी मुख्यतः सरावासाठी, निकालात तिचा वाटा लहानच.

मग यंत्राचा खरा उपयोग कुठे? चुकलेल्या उत्तरांत. समजा प्रश्न आहे 0.5 + 0.25. पर्यायांत 0.30 मुद्दाम ठेवा. तो निवडणाऱ्या मुलाने 5 आणि 25 सरळ मिळवले आहेत. दशांश चिन्हानंतरच्या स्थानाची किंमत त्याला उमगलेली नाही. चाळीसपैकी पंधरा जणांनी तोच पर्याय निवडला, तर शिकवण्यातच काहीतरी राहून गेलं आहे, आणि ते शिक्षकाला वर्ग सुटण्याआधी कळतं. गठ्ठा तपासून चार दिवसांनी कळण्यात ती धार उरत नाही. पण 0.30 हा पर्याय सुचायला मुलं कुठे अडखळतात ते माहीत असावं लागतं. ते वर्गात उभं राहणाऱ्यालाच माहीत असतं. मनाला येतील ते तीन चुकीचे पर्याय टाकले, तर चाचणी तपासली जाते, हाती काही लागत नाही.

शिक्षकांना एवढीच विनंती: पुढच्या चाचणीचे गुण रजिस्टरमध्ये उतरवण्याआधी, सर्वांत जास्त मुलांनी चुकवलेला प्रश्न फळ्यावर घ्या आणि ‘हे उत्तर का निवडलंस?’ असं एकेकाला विचारा.