पुरुषप्रतिमा, समकालीन भारतीय चित्रकलेतील
पुरुषाचा देह, त्याची लैंगिक ओळख, त्याचे दुबळेपण आणि त्याची खाजगी श्रद्धा यांना विषय करणारी चित्रे भारतात मुख्यतः १९७० नंतर रंगविली गेली. तत्पूर्वी चित्रातील पुरुष बहुधा राजा, योद्धा, देव किंवा संत असे. कचेरीतून घरी परतणारा, पोट सुटलेला, एकाकी मनुष्य क्वचितच चित्राचा नायक होई. साहित्यात मात्र ही वाट जुनी आहे. वारकरी संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, तसेच विरहिणी व गौळणींतून स्वतः स्त्रीच्या भूमिकेत शिरून आपली व्याकुळता मांडली. चित्रकलेला तितके धैर्य येण्यास बराच काळ लागला.

या परिवर्तनात भूपेन खख्खर (१९३४–२००३) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. मुंबईत जन्मलेले खख्खर व्यवसायाने सनदी लेखापाल होते. १९६२ मध्ये ते बडोद्यास गेले व तेथेच स्थायिक झाले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. हिशेबतपासनिसाचे काम सांभाळून ते चित्रे काढीत. शिंपी, न्हावी, घड्याळजी हे त्यांच्या आरंभीच्या चित्रांचे विषय होत (जनता वॉच रिपेअरिंग, १९७२). यू कान्ट प्लीज ऑल (१९८१) या चित्रात सज्जातील एक विवस्त्र मनुष्य बाप, मुलगा आणि गाढव यांची सुपरिचित गोष्ट खाली घडताना पाहतो. लोकांच्या मर्जीप्रमाणे वागू पाहणाऱ्या त्या बापलेकांची फजिती आणि पाहणाऱ्याचे उघडेपण यांच्या सांध्यातून चित्रकाराची स्वतःच्या समलिंगी ओढीविषयीची कबुली व्यक्त होते. टू मेन इन बनारस (१९८२) मध्ये आलिंगनात उभे असलेले दोन नग्न पुरुष आणि लहान आकारातील पूजाअर्चेची दृश्ये एकाच पटावर येतात. त्यांत उपहास शोधणे चुकीचे ठरेल, कारण प्रेम व भक्ती या खख्खरांच्या दृष्टीने शेजारच्या गोष्टी होत्या. वि. स. खांडेकरांच्या कादंबरीमुळे (१९५९) मराठी वाचकास निकटची झालेली ययातीची कथा त्यांनी १९८७ मध्ये रंगविली. बापाने मुलाचे तारुण्य घेणे, हा प्रसंग तेथे दोन पुरुषदेहांच्या जवळिकीत रूपांतरित होतो. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) ३७७ व्या कलमान्वये असे संबंध गुन्हा ठरत असताना ही चित्रे प्रदर्शित झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या कलमातून वगळले. अखेरच्या वर्षांत कर्करोगाने ग्रासलेल्या खख्खरांनी आजारी देहाच्या लाजिरवाण्या वेदनाही झाकल्या नाहीत.

सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) हे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत. त्यांच्या चित्रांतील कामगार थोराड बांध्याचे, पण थकलेले असतात. इराणी रेस्टॉरंट (१९७७) हे त्यांचे प्रसिद्ध चित्र. अतुल दोडिया (जन्म १९५९) यांनी द बॉम्बे बकॅनिअर (१९९४) या आत्मचित्रात पिस्तूल रोखलेल्या चित्रपटनायकाचा आव आणला आहे. त्याच्या काळ्या चष्म्याच्या भिंगांत मात्र हॉक्नी व खख्खर हे चित्रकार दिसतात. पुढे १९९९ मध्ये त्यांनी महात्मा गांधींवर जलरंगांतील चित्रमाला केली. शस्त्र न उचलणारा, उपवासाने कृश होणारा देह हेच ज्याचे बळ, असा हा पुरुष पिस्तुलधारी नायकाच्या अगदी उलट टोकाला आहे. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामची कुडामातीची कुटी पाहिलेल्यास या उलट टोकाची कल्पना वेगळी सांगावी लागत नाही.

विदर्भातीलच प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) हे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसाखाणींच्या परिसरातून आले. त्यांच्या घरातील तीन पिढ्या खाणीत राबल्या. खाणमजुराच्या मस्तकाऐवजी यंत्र वा अवजार बसविलेल्या आकृती ते काढतात. या रेखाटनांसाठी ते अनेकदा कोळसाच वापरतात.