शिल्लक का संपते? : मोटरसायकलच्या बॅटरीचा जमाखर्च

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शाळा मराठी माध्यमातली, घरात मराठी आणि गल्लीत कानडी. विजेशी माझा संबंध घरचे बिल भरण्यापुरताच. तेव्हा मी मोटरसायकलच्या बॅटरीवर लेख लिहिला आहे हे पाहून शास्त्र शाखेचे मित्र हसतील. हसू देत. पण जे मला कळले ते जमाखर्चाच्या वहीमुळेच कळले, आणि ते कळल्यामुळे माझ्या मामांचे दिवाळीतले तेराशे रुपये वाचले. म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी बडोद्याला मामांकडे गेलो होतो. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्री नदीला महापूर आला होता आणि शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरले होते. मामा अकोटा भागात राहतात. त्यांची मोटरसायकल सोसायटीच्या आवारात दोन दिवस पाण्यात उभी होती. पूर ओसरल्यावर त्यांनी ऑइल बदलून, सगळी साफसफाई करून घेतली आणि गाडी चालू झाली. सर्वांना वाटले, संकट टळले.

पण सप्टेंबरात बॅटरी उतरू लागली. नवी घातली. दिवाळीच्या तोंडावर ती नवी बॅटरीसुद्धा उतरू लागली. मामांची पहिली पाळी मकरपुऱ्याला. पहाटे साडेपाचला घर सोडावे लागते. गाडी दीडशे सी.सी.ची, तिला किक नाही. सारी भिस्त सेल्फवर. मी गेलो त्याच्या दुसऱ्याच पहाटे मामा हँडल धरून पळत आहेत आणि मी मागून ढकलतो आहे, असा प्रसंग आला. त्या महिन्यात त्यांना तीनदा उशीर झाला होता आणि पगार कापला गेला होता. दुकानदार म्हणाला, "हीसुद्धा खराब निघाली असेल, दुसरी घ्या." मामींनी फराळाच्या सामानासाठी ठेवलेले पैसे डब्यातून काढले आणि न बोलता मामांपुढे ठेवले.

तेवढ्यात शेजारचे काका आले. ते वायरमन म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "अहो, थांबा जरा. भाचा कॉमर्सला आहे ना? काय रे, एखाद्याच्या खात्यात शिल्लक राहत नसेल तर तू काय करशील? पासबुक बदलशील?"

मी म्हणालो, "नाही काका. जमा किती आणि खर्च किती ते बघेन."

"मग चल, बघू या."

पुढे त्यांनी जे सांगितले त्यात इंग्रजी पुस्तकाची गरज पडली नाही. निम्मे मराठी, निम्मे गुजराती. बडोद्यात ही रीत जुनीच आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, तेथे कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कलाकौशल्याचे आणि यंत्राचे शिक्षण देशी भाषेतून मिळावे. काकांची शिकवणी त्याच परंपरेतली म्हणायची.

आता प्रथम खाते समजून घेऊ. जमेची बाजू अशी. इंजिन फिरते तेव्हा त्याच्याबरोबर एक लोहचुंबकाचे चाक फिरते आणि त्याच्या आत तारेची वेटोळी बसवलेली असतात. चुंबक वेटोळ्यापाशी फिरला की तारेत वीज निर्माण होते. हे तत्त्व फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले. ही वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी. असते. बॅटरीला एकाच दिशेची, म्हणजे डी.सी. वीज लागते. ते रूपांतर रेक्टिफायर करतो आणि दाब वाजवीपेक्षा वाढू नये याची काळजी रेग्युलेटर घेतो. बहुतेक गाड्यांत हे दोन्ही एकाच डबीत असतात. तिच्यातून निघालेली वीज वायरने बॅटरीत जमा होते.

खर्चाच्या बाजूला सेल्फ, हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, ठिणगी आणि नव्या गाड्यांत पेट्रोलचा पंप. शिवाय आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, हा खर्च कायमचा.

सर्वांना वाटते की सेल्फ बॅटरी खाऊन टाकतो. मी हिशेब करून पाहिला. समजा सेल्फने ८० अँपिअर वीज ३ सेकंद ओढली. ८० गुणिले ३ म्हणजे २४०. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीत ५ गुणिले ३६००, म्हणजे १८,००० शिल्लक. म्हणजे एका स्टार्टला शेकडा दीडसुद्धा खर्च नाही! आणि एक अँपिअरने जमा होत राहिली तर ती रक्कम चार मिनिटांत भरून निघते. सेल्फ हा लग्नातल्या जेवणावळीसारखा, मोठा दिसतो पण क्वचित होतो. घर बुडते ते रोजची आवक रोजच्या खर्चाला पुरत नाही तेव्हा.

काकांनी तपासणीचा क्रम ठरवून दिला. सूत्र एकच : ज्याला पैसे पडत नाहीत ते आधी.

पहिली पायरी, डोळे आणि हात. टर्मिनल ढिले आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का ते पाहावे. असल्यास खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पुसावे, कोरडे करावे, घट्ट आवळावे आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. सोडताना आधी उणे टोक सोडावे, जोडताना ते शेवटी जोडावे. नाहीतर अधिक टोकावरचा पाना गाडीच्या सांगाड्याला लागला की मोठी ठिणगी उडते. बॅटरीजवळ विडी-काडी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे नव्हे.

दुसरी पायरी, सकाळची शिल्लक. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवून बॅटरीची दोन टोके तपासावीत. १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. आमचा आकडा आला १२.१.

तिसरी पायरी, ओझे घालून पाहणे. मीटर तसेच ठेवून सेल्फ दाबावा. दाब साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी एक तर रिकामी आहे किंवा दुबळी. दाब बाराच्या जवळ टिकूनही सेल्फ फिरत नसेल, तर दोष बॅटरीत नाही. वायर, रिले किंवा सेल्फ पाहावा. आमचा काटा ९.२ वर आला.

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि नवी बॅटरी आणतात. काका म्हणाले, "शिल्लक कमी आहे एवढेच कळले. का कमी आहे ते कुठे कळले?"

चौथी पायरी, आवक. गाडी चालू करून वेग वाढवावा. बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरी शिजून जाईल. तेराच्या खाली राहिले तर जमाच होत नाही. आम्ही ढकलून गाडी चालू केली, मी ॲक्सिलरेटर धरला. आकडा १२.९ च्या वर जाईना. दोष सापडला नव्हता, पण दोषाची बाजू सापडली : खर्च नव्हे, आवक.

पाचवी पायरी, आवक कोठे अडते? काकांनी मीटर रेक्टिफायरच्या तोंडाशीच लावला. तेथे १४.२! म्हणजे कॉइल ठीक, रेक्टिफायर ठीक. तेथेही कमी भरते तर कॉइलच्या तीन वायरी दोन-दोन करून ए.सी.वर तपासायच्या होत्या. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे हवेत आणि कोणतीही वायर सांगाड्याशी जोडलेली निघता कामा नये. ती वेळ आली नाही.

कारखान्यातून १४.२ निघाले आणि पेढीवर १२.९ पोचले. वाटेत १.३ गेले कुठे? काकांनी मीटरचे एक टोक रेक्टिफायरच्या अधिक वायरीला आणि दुसरे बॅटरीच्या अधिक टोकाला लावले : ०.९. मग उणे बाजूला तसेच केले : ०.४. बेरीज १.३. हिशेब पैशाला पैसा जुळला! ताळेबंद जुळल्याचा असा आनंद मला वर्गात कधी झाला नव्हता.

सीटखाली हात घातला तर एक कपलर चांगलाच गरम लागला. उघडला तर आतल्या पिना हिरव्यागार. पुराचे पाणी आत राहून तांबे गंजले होते. आणि सांगाड्याला अर्थिंगची वायर आवळणारा बोल्ट रंगाखाली तांबडा झाला होता. पिना घासल्या, थिंबल नवी घातली, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली. खर्च चाळीस रुपये. पुन्हा गाडी चालू केली : १४.१.

मग बॅटरीचे काय? शिशाची बॅटरी गॅस्टन प्लांते यांनी १८५९ साली बनवली, आणि तिचा स्वभाव तेव्हापासून तोच आहे. वीज खर्च होते तेव्हा तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि भरताना ते परत विरते. पण ती फार दिवस अर्धपोटी राहिली तर त्याचे कठीण खडे बनतात आणि मग ते विरत नाहीत. मामांची पहिली बॅटरी अशीच गेली असावी. दुसरी वेळीच हाती लागली. काकांनी ती चार्जरवर अर्ध्या अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, रात्रभर लावली. सकाळी आकडा १२.७.

एक तपासणी राहिली होती, ती गळतीची. चावी बंद असताना उणे वायर आणि टोक यांच्या मध्ये मीटर अँपिअरवर लावला. काही मिलिअँपिअर चालतात. त्याहून फार जास्त असेल तर नंतर बसवलेला अलार्म किंवा मोबाइलचा चार्जर रात्री चोरी करत असतो. या वेळी चावी फिरवू नये की सेल्फ दाबू नये, मीटरचा फ्यूज जातो. आमच्याकडे चोर नव्हता.

दुसऱ्या पहाटे साडेपाचला मामांनी बटण दाबले आणि गाडी एका दमात चालू झाली. मी अंथरुणातूनच ऐकले. मामींनी पैसे परत डब्यात ठेवले आणि त्या दिवशी चकल्यांचा घाणा निघाला. आधी काढलेली जुनी बॅटरी आम्ही दुकानात परत दिली. शिसे आणि ॲसिड कचऱ्यात टाकू नये, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करून तिचा पुनर्वापर व्हावा याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दुकानदाराला मी दोष देत नाही. बॅटरी विकणे हा त्याचा धंदा. हिशेब मागणे हे आपले काम आहे आणि आपण ते करत नाही. बेळगावला परतल्यावर मी ही हकीकत माझ्या बाकावरच्या कानडी मित्राला सांगितली. हिशेबाला त्यांच्याकडे 'लेक्क' म्हणतात. तो म्हणाला, "म्हणजे लेक्क चुकले नव्हते, रस्त्यात कोणी खाल्ले होते!" अगदी तसेच.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी गाडी आहे. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पुढच्या वेळी बॅटरी उतरली तर नवी आणण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा : सकाळची शिल्लक, सेल्फ दाबतानाची घसरण आणि वेग वाढवल्यावरची आवक. मग दुकानात जा. कागद हातात असला की दुकानदारही नीट बोलतो, हा माझा अनुभव आहे.