माणगावात पाच मिनिटं थांबा!

ताम्हिणी घाट, दिवेआगरचा बीच, सुरमई फ्राय... आपला वीकेंड प्लॅन ठरलेला. पण त्याच रस्त्यावर 22 वर्षांच्या एका तरुणाचा पुतळा उभा आहे. त्याला कधी भेटलात?

शुक्रवारची संध्याकाळ. मारुंजीतल्या आमच्या सोसायटीचं पार्किंग. लॅपटॉपच्या बॅगा वर फ्लॅटमध्ये गेल्या आणि सॅक खाली आल्या की समजायचं, कुणाचा तरी कोकणचा प्लॅन आहे. सकाळी सहाला निघायचं. घोटावडे, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. तिथून दिवेआगर नाहीतर श्रीवर्धन. हिंजवडी-मारुंजीतल्या कुठल्याही ग्रुपला हा रूट झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगतील.

यात माणगाव म्हणजे काय? मुंबई-गोवा हायवेवरचं ट्रॅफिक, एटीएम आणि चहा. बस्स! आमच्यासाठीही तेवढंच होतं.

मागच्या पावसाळ्यात असेच कोंडीत अडकलो. गाडी बाजूला लावून टपरीवर चहा सांगितला. वेळ घालवायचा म्हणून विचारलं, "काका, इथे बघण्यासारखं काय आहे हो?" काकांनी हातातलं भांडं खाली न ठेवताच मान वळवून दिशा दाखवली. "तहसील कचेरीसमोर यशवंतराव घाडग्यांचा पुतळा आहे. बघितलात का? व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला माणूस आहे आमच्या तालुक्यातला!"

आम्ही पाच जण. पाचही जण इंजिनीअर नाहीतर ग्रॅज्युएट. माणगावातून जायची चौथी खेप. आणि हे नाव एकालाही माहीत नव्हतं. काकांनी पुढे काही विचारलं नाही, पण चहा जरा जास्तच कडू लागला!

ती तारीख, 10 जुलै 1944

यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. जन्म 1921 चा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि ही बटालियन पार इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मनांशी लढत होती.

10 जुलै 1944 रोजी यशवंतच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतला एकूण एक जवान ठार किंवा जखमी. उरला एकटा यशवंत. तो थांबला नाही. सरळ मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेला, हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प केले, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता. मग टॉमी गन नळीकडून धरली आणि दस्त्याचे घाव घालून उरलेल्या दोघांना संपवलं. ठाणं जिंकलं. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि त्याच ठाण्यात तो गेला. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक. ते त्याला मरणोत्तर मिळालं.

वय वर्षं 22. आठवा बरं, 22 व्या वर्षी आपण काय करत होतो? कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी, पहिल्या ऑफर लेटरचे पेढे, ट्रेनिंग बॅचबरोबरचा पहिला फोटो. यशवंतही नोकरीसाठीच घरापासून लांब गेला होता. फक्त त्याला परत येता आलं नाही.

त्याच्या कबरीचाही पत्ता नाही. इटलीत कॅसिनो इथे एक स्मारक आहे. ज्यांच्या कबरी सापडत नाहीत अशा 4 हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत. यशवंतचं नाव त्यात आहे.

'आपला' की 'त्यांचा'?

परतीच्या वाटेवर गाडीत वाद पेटला. "इंग्रजांच्या सैन्यात होता ना? मग आपला कसा?" एक मित्र म्हणाला. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्याच 1944 साली आझाद हिंद सेना इंफाळच्या आघाडीवर इंग्रजांविरुद्ध लढत होती. दोन्हीकडे आपलीच पोरं. मग कुणाला आठवायचं?

आणि इथेच गंमत होते. म्हणजे गंमत नाहीच खरं तर. दिल्लीच्या इंडिया गेटवर नावं आहेत ती पहिल्या महायुद्धातल्या आणि 1919 च्या अफगाण युद्धातल्या सैनिकांची. 2019 मध्ये खुलं झालेलं राष्ट्रीय समर स्मारक आहे स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांचं. दुसऱ्या महायुद्धात गेलेला यशवंत बरोबर दोन्हींच्या मधल्या फटीत सापडला. इटलीच्या मोहिमेत सुमारे 50 हजार भारतीय सैनिक लढले, 5 हजार 782 जण परत आले नाहीत. तिथे दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे आहेत. पण ही गोष्ट ना आपल्या इतिहासाच्या पेपरात येते, ना सिनेमात.

माणगावकरांनी मात्र 'आपला की त्यांचा' हा हिशेबच घातला नाही. पोरगा आपल्या तालुक्यातला आहे, लांब जाऊन मेला आहे, एवढं त्यांना पुरलं. युद्ध कुणाचं होतं यावर आपण रात्रभर वाद घालू शकतो. मेलेला पोरगा कुणाचा होता, यावर वाद नाही.

इटलीतलं घड्याळ, खडकीतली हिरवळ

आणि तिकडे इटलीत? जुलै 2023 मध्ये मोंतोने नावाच्या गावात यशवंत घाडगेच्या नावाचं स्मारक उभं राहिलं. कसलं, माहितेय? सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ! त्यावरच्या लॅटिन वाक्याचा अर्थ असा की, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्यांच्या गावाजवळ तो पडला, त्यांनी जवळजवळ 80 वर्षांनी त्याची आठवण काढली.

उलटा हिशेबही बघा. मारुंजीहून तासाभरात पोचाल अशा खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या 1 हजार 668 सैनिकांच्या कबरी आहेत. पहिल्या महायुद्धातल्या 1 हजार 800 हून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत. एकसारखे दगड, सरळ रांगा, कापलेली हिरवळ. नावाखालची वयं वाचत जा... विशी-पंचविशीतलीच कितीतरी. त्यांच्या घरच्यांना इथे येणं जमलं असेल-नसेल, पण त्यांची पोरं इथे आपल्या शेजारी आहेत. आपला पोरगा त्यांच्याकडे.

त्या दिवशी आम्ही तहसील कचेरीपाशी गेलो. हार नव्हता, फुलं नव्हती, काय करायचं तेही कळेना. पावसात पाच मिनिटं नुसते उभे राहिलो. एकानं नाव मोठ्यानं वाचलं, बाकीच्यांनी ऐकलं. सेल्फी कुणी काढला नाही, आणि 'का नाही' असंही कुणी विचारलं नाही. मग गाडीत बसलो आणि दिवेआगरला गेलो. सुरमई नेहमीसारखीच झकास होती.

या वीकेंडला जमेल असं...

माणगाव : मारुंजीहून ताम्हिणीमार्गे साधारण 100 किलोमीटर. पुतळा तहसील कचेरीसमोर. 10 जुलैच्या आसपास जाणार असाल तर उत्तमच, धबधब्यांचाही सीझन असतो.

खडकी : युद्ध दफनभूमी. आवाज हळू, मोबाइल सायलेंट.

पुणे कॅम्प : दक्षिण कमांडचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. 1998 मध्ये खुलं झालेलं हे स्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. मिग विमान बघायला मुलांना न्याच, पण आधी नावांच्या भिंतीपाशी थांबा.

आणि हो, माणगावात चहा प्यालात तर टपरीवाल्या काकांना आपणहून सांगा, "घाडग्यांचा पुतळा बघून आलो." बघा, चहा कसा लागतो ते!