पहिली न पाहिलेली तुकडी

जून २०२० मध्ये ज्यांची नावे पहिलीच्या पटावर चढली, ती मुले २०२५ च्या जूनमध्ये सहावीत गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये शासनाने वाचन-गणित पक्के करण्यासाठी निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम काढला, तो दुसरी ते पाचवीसाठी. ३० जूनला त्याची मुदत संपली तोवर ही तुकडी वर सरकलीही होती. त्यातली वाचनात कच्ची राहिलेली पोरे आता त्या कार्यक्रमातूनही सुटली. वर्षअखेरीस पुणे जिल्हा परिषदेने निवडक मुलांना नासा दाखवून आणले, पेपरात फोटो झळकले. कौतुक मलाही आहे. पण बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला त्या फोटोंत न दिसणारी पोरेच आधी आठवतात.

फार मागचे उगाळत नाही. खडू-फळा मोहीम आली, सर्व शिक्षा अभियानात खोल्या झाल्या, अहवाल लिहून बोटे दुखली. सांगण्यासारखे सुरू झाले २०१५ च्या जूनमध्ये, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा आदेश निघाला तेव्हा. फरशीवर अंक आखले गेले, काड्यांचे गठ्ठे आले, मुले गोल करून बसू लागली. पुढे ‘शाळा प्रगत’ म्हणून जाहीर करायची शर्यत लागली आणि निम्मा जीव त्यात गेला. तरी इयत्ता बाजूला ठेवून मूल कुठे अडलेय ते बघायचे, एवढी सवय मात्र लागली होती.

मग मार्च २०२० ला कुलूप लागले. बारामतीत भिलवाडा पॅटर्न राबवला, किराणा-औषधे घरपोच मिळू लागली. शाळा मात्र मोबाईलवर आली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’च्या लिंका रोज यायच्या, त्या पुढे पाठवल्या की आमचे काम झाले असे धरले जाई. जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायची, ती खरेच चांगली होती. पण घरातला एकुलता मोबाईल बापाच्या खिशात, बाप एमआयडीसीत नाहीतर दूध घालायला. सुप्याकडच्या जिरायती भागातली मेंढरांमागे गेलेली पोरे तर कुठल्याच ग्रुपवर नव्हती.

त्या काळातली एक गोष्ट मात्र हरवली याचे वाईट वाटते. काही शिक्षक देवळाच्या ओट्यावर, कुणाच्या पडवीत पाच-सहा पोरे जमवून बसत. दुसरीचा आणि पाचवीचा शेजारी शेजारी, ज्याला जे येत नाही ते त्याला. कागद नाही, फोटो नाही. शाळा उघडल्या आणि हे सगळे पुन्हा इयत्तांच्या भिंतींआड गेले.

१ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ या काळात सेतू अभ्यासक्रम झाला. पंचेचाळीस दिवस, मध्ये तीन चाचण्या. प्राथमिक शाळा तेव्हा बंदच होत्या, म्हणजे मोबाईलमुळे बुडालेले मोबाईलवरच भरून काढायचे! त्यात सेतू बांधलेला मागच्या इयत्तेपासून. ज्याचे त्याआधीचेही कच्चे, त्याने कुठून चढायचे? आम्ही मुलांचे स्तरानुसार गट केले, तर एका साहेबांनी तक्ता परत धाडला. त्यांना इयत्तावार नोंद हवी होती.

पहिलीपासूनचे वर्ग भरायला १ डिसेंबरला परवानगी मिळाली, जानेवारीत पुन्हा कुलूप लागले. सगळे सुरळीत झाल्यावर इंदापूरकडच्या एका वस्तीशाळेत दुसरीतल्या पोराने मला धडा घडाघडा ‘वाचून’ दाखवला. बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या. मधल्या एका शब्दावर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारले, तर तो पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाला. शेजारच्या मुलीने ४३ मधून १७ वजा करून ३४ लिहिले होते. मोठ्यातून धाकटा काढायचा, मग तो वर असो की खाली. दोघेही हजेरीत नियमित, दोघेही पुढच्या वर्षी तिसरीत.

‘असर’च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५. २०२४ मध्ये आकडा पुन्हा २७ वर आला आणि सगळ्यांनी हुश्श केले. पण २०२४ ची तिसरी म्हणजे टाळेबंदीनंतर पहिलीला आलेली मुले. ज्यांचे बुडाले ती तोवर पाचवीत होती. खाली नवे आले म्हणून सरासरी सुधारली, जुन्यांचे काय?

त्यांच्या वाट्याला पायाभूत चाचणी, संकलित चाचण्या आणि पाचवीला वार्षिक परीक्षा आली. मोजायला कुणी कमी पडले नाही. शिकवायला बसावे तर मास्तर मतदार याद्यांवर. आणि दिवाळीनंतर सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती या साखर कारखान्यांच्या फडांवर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कोपीत धाकट्याला सांभाळणाऱ्या पोरीचे नाव तिच्या गावच्या पटावर असते, हजेरी इथे कुणी घेत नाही.

म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना आणि हायस्कूल चालवणाऱ्या संस्थांना माझे सांगणे आहे. निपुणमधले चावडी वाचन प्राथमिकपुरते ठेवू नका, सहावीपासून पुढच्यांचेही ग्रामसभेत घ्या. जे अडखळतील त्यांना रोजचा पहिला तास इयत्ता न बघता द्या, आणि त्या तासाच्या शिक्षकाला दुसरे कसलेही काम लावू नका. ही तुकडी मार्च २०३० मध्ये दहावीला बसणार आहे.